बर्फाचं मशीन कुणाच्या हातांना पेलायला हवं?



अमेरिकेत आणि कॅनडात राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण आता शहरातलं अपार्टमेंट सोडून गावाबाहेर घर घेऊ लागले आहेत. दोन-चार एकर जागा, भाजीचा मळा, कुंपणाशी सफरचंदाची झाडं आणि रस्त्यापासून घरापर्यंत लांबलचक ड्राइव्हवे. उन्हाळ्यात घर बघायला गेलं की तो ड्राइव्हवे फार देखणा दिसतो. मग ऑक्टोबर उजाडतो आणि फोन येतात, "ताई, बर्फ काढायला काय घ्यावं?"

गंमत अशी, की फोन बाईचा असतो, पण मशीन निवडायला दुकानात जातात ते घरातले पुरुष. तिथे चर्चा होते ती हॉर्सपॉवरची. कुणाचा ट्रॅक्टर मोठा, कुणाच्या ट्रकला किती रुंद प्लाऊ. माझं मत थोडं वेगळं आहे आणि आज ते स्पष्टच सांगते. बर्फाचं मशीन घरातल्या सर्वांत ताकदवान माणसाकडे बघून घेऊ नये. वाईट दिवशी जो घरी असेल, त्याच्या हातांना पेलेल असं घ्यावं. आणि आपल्यापैकी बहुतेक घरांत वाईट दिवशी घरी कोण असतं, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आधी जागेची कल्पना देते, म्हणजे महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्या मैत्रिणींनाही विषय लक्षात येईल. आम्ही न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर राहतो. शेजारी एरी सरोवर. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून उबदार असतं आणि त्यावरून उत्तरेकडची कोरडी थंड हवा वाहते. ती हवा वाफ उचलते आणि किनाऱ्यावर येऊन बर्फ ओतते. त्याचा पट्टा कधी कधी इतका अरुंद असतो, की आमच्याकडे समोरचं झाड दिसत नाही आणि दहा-बारा मैलांवर लख्ख ऊन पडलेलं असतं. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिण उपनगरांत काही ठिकाणी पाच फुटांहून जास्त बर्फ पडला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑर्चर्ड पार्कला काही दिवसांत ८० इंचांच्या आसपास पडला. त्याच वर्षीच्या नाताळात जे हिमवादळ आलं, त्यात एरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसं गेली. त्या दिवसांत शहराच्या मोठ्या भागात रुग्णवाहिकाही पोहोचू शकत नव्हत्या. शहरात ही गत, तर आडरस्त्यावरच्या घराचं काय, याचा विचार करा.

आता आपला ड्राइव्हवे. आमचा ४५० फूट लांब, दहा फूट रुंद, खडीचा आणि शेवटी थोडा चढाचा आहे. हिशेब मांडून बघा. दहा गुणिले साडेचारशे म्हणजे ४,५०० चौरस फूट. एक फूट बर्फ पडला की ४,५०० घनफूट. ताजा, भुरभुरीत बर्फ घनफुटाला साधारण सहा पौंड धरला, तरी २७,००० पौंड होतात. म्हणजे बारा टन. ओला, जड बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट किंवा जास्त. फावड्याने हे काम करण्याचा विचारही करू नका. थंडीत फावड्याने जड बर्फ उचलताना रक्तदाब एकदम चढतो, रक्तवाहिन्या थंडीने आकसलेल्या असतात, आणि हृदयविकाराचा झटका येतो. इथले डॉक्टर दर हिवाळ्यात हा इशारा देतात. आपल्या लोकांत मधुमेह आणि हृदयरोग किती घरांत आहे, हेही आठवा. फावडं पायऱ्यांपुरतं.

मशीन कोणकोणती मिळतात ते थोडक्यात सांगते.

सर्वांत साधा तो एकटप्पी स्नो ब्लोअर. त्याची रबराची पाती जमिनीला घासत फिरतात आणि बर्फ उडवतात. शहरातल्या छोट्या, डांबरी ड्राइव्हवेसाठी तो छान. खडीच्या रस्त्यावर मात्र तो बर्फाबरोबर खडीही उडवतो. खिडकीची काच काय आणि माणसाचा डोळा काय, दोन्हीला धोका. त्यामुळे खडीवर तो बाद.

दुसरा दोनटप्पी स्नो ब्लोअर. पुढे स्क्रूसारखी फिरणारी धातूची पाती बर्फ आत ओढतात आणि मागचा पंखा तो वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. यात पात्यांची पेटी दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर टेकलेली असते. त्या पट्ट्या खाली-वर करून पेटी जमिनीपासून इंचभर उचलून ठेवता येते. खडी खाली राहते, बर्फ उडतो. हा ब्लोअर स्वतःच्या चाकांवर चालतो, आपण फक्त मागून चालायचं. २४, २८, ३० इंच अशा रुंदीत मिळतो. २४ इंची ब्लोअरने आमच्या ड्राइव्हवेच्या सहा फेऱ्या माराव्या लागतील, म्हणजे २,७०० फूट, अर्ध्या मैलाहून थोडं जास्त चालणं. २८ इंचीला पाच फेऱ्या पुरतात. बर्फ खोल असेल तर वेग मंदावतो आणि तासभर सहज जातो.

तिसरा, चारचाकी एटीव्हीला लावलेला छोटा प्लाऊ. पाच-सहा इंच हलका बर्फ असेल तर झटपट काम. जड बर्फापुढे गाडीच घसरते.

चौथा, ट्रकला लावलेला प्लाऊ. वेगाला याची बरोबरी नाही. पण प्लाऊ बर्फ फेकत नाही, ढकलतो. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याकडे परत येणार आहे.

पाचवा, छोटा ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या पीटीओ दांड्यावर चालणारा ब्लोअर. ताकद भरपूर. पण ब्लोअर मागे असला की ट्रॅक्टर उलटा चालवत, मान वळवून तासभर मागे बघत काम करावं लागतं. पुढे बसवायचा ब्लोअरही मिळतो, तो महाग आणि काढ-घाल करायला कटकटीचा.

बॅटरीवरचे ब्लोअरही आता चांगले येतात. आवाज कमी, धूर नाही, दोरी ओढायची नाही. छोट्या अंगणाला मी तेच सुचवीन. पण थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि साडेचारशे फुटांच्या मध्यावर उतरली तर पंचाईत. लांब ड्राइव्हवेला अजून तरी पेट्रोलचंच मशीन भरवशाचं वाटतं.

एवढं वाचून कुणीही म्हणेल, मग ट्रॅक्टरच घ्या ना! इथेच माझा मतभेद आहे.

आमच्यापासून काही मैलांवर एक मराठी कुटुंब राहतं. नाव सांगत नाही. घरी नवरा-बायको, दोन मुलं आणि नवऱ्याची आई. शेडमध्ये सुंदर ट्रॅक्टर, त्याला ब्लोअर जोडलेला. नवरा कामानिमित्त आठवड्यातले तीन दिवस बाहेरगावी. अशाच एका रात्री दीड फूट बर्फ पडला आणि पहाटे आजींच्या छातीत दुखू लागलं. सुनेने ९११ ला फोन केला. गावाकडे रुग्णवाहिका बहुधा स्वयंसेवकांची असते. ती माणसं तत्परतेने निघाली, मुख्य रस्ता काउंटीच्या प्लाऊने साफही केलेला होता. अडलं ते घराच्या ड्राइव्हवेवर. शेडमध्ये ट्रॅक्टर होता, किल्ली होती, पण तो सुरू कसा करायचा, पीटीओ कधी जोडायचा, गिअर कुठला, हे त्या माउलीला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. दाखवायची गरज वाटली नव्हती. समोरच्या शेतकऱ्याला फोन केला, तो आपला ट्रॅक्टर घेऊन आला, रुग्णवाहिका आत गेली. आजी वाचल्या. पण ती मला नंतर म्हणाली, "ताई, वीस मिनिटं मी खिडकीशी उभी होते. शेडमध्ये एवढं मोठं मशीन, आणि मला त्याचा उपयोग शून्य."

यात तिचा दोष नाही आणि मी तिच्या नवऱ्यालाही दोष देत नाही. त्याने घरासाठी उत्तमातलं उत्तम आणलं होतं. फक्त ते स्वतःच्या हातांच्या मापाने आणलं होतं. साडी घेताना आपण नेसणारीला विचारतो. चप्पल घेताना घालणारीचा पाय मोजतो. मग जिच्यावर घर सोडून जायचं, तिचे हात मशीन घेताना का मोजत नाही?

म्हणून माझा सल्ला असा. दुकानात घरातल्या बाईने जावं, आणि नुसतं बघायला नाही. पुढच्या गोष्टी स्वतःच्या हाताने करून बघाव्यात.

पहिली गोष्ट, दोरी ओढणे. विक्रेता म्हणेल, "इलेक्ट्रिक स्टार्ट आहे, बटण दाबा." बरोबर आहे. पण पेट्रोलच्या बहुतेक ब्लोअरमध्ये ते बटण चालायला मशीनची वायर भिंतीतल्या प्लगला जोडावी लागते. वादळात पहिली जाते ती वीज. त्या वेळी दोरीच ओढावी लागते. ती तुमच्या खांद्याला झेपते का, हे दुकानातच बघा.

दुसरी, वळवणे. तीनशे पौंडांच्या आसपास वजनाचं मशीन सरळ चालताना हलकं वाटतं. ड्राइव्हवेच्या टोकाला वळवताना खरी परीक्षा. काही मशीनना हँडलखाली दोन खटके असतात, ज्या बाजूचा दाबाल त्या बाजूचं चाक थांबतं आणि मशीन स्वतःच वळतं. थोडे पैसे जास्त पडले तरी हे घ्या. इंजिनाची ताकद एक पायरी कमी घेतली तरी चालेल, हे सोडू नका.

तिसरी, हँडलची उंची. आपली उंची पाच फूट आणि हँडल सहा फुटी माणसासाठी, असं असेल तर अर्ध्या तासात मनगटं भरून येतात.

चौथी, हातमोजे घालून सगळे खटके दाबून बघा. घरातल्या उबेत उघड्या बोटांनी सगळंच सोपं असतं.

पाचवी, शिअर पिन बदलून दाखवायला सांगा. बर्फात दडलेला दगड किंवा लाकूड पात्यांत अडकलं, की ही छोटी पिन मुद्दाम तुटते आणि आतला महागडा गिअरबॉक्स वाचतो. ती बदलणं म्हणजे पाच मिनिटांचं काम. चार-पाच पिना मशीनजवळ डबीत ठेवा. तिच्या जागी साधा बोल्ट मात्र ठोकू नका. तो तुटत नाही, मग गिअरबॉक्स तुटतो.

हे पाचही जमलं, की ते मशीन तुमचं. नाही जमलं, तर त्याची कितीही कीर्ती असो, ते तुमच्या घरचं मशीन नाही.

आता आक्षेपांकडे येते, कारण ते खरे आहेत.

"तासभर थंडीत चालण्यापेक्षा ट्रकचा प्लाऊ दहा मिनिटांत काम करतो." करतो. पण मघाशी म्हटलं तसं, प्लाऊ बर्फ ढकलतो. डिसेंबरात ढकललेला बर्फ दोन्ही कडांना बांधासारखा उभा राहतो आणि गोठून दगड होतो. जानेवारीत नवीन बर्फ त्याच्या आतल्या बाजूला. हळूहळू दहा फुटांचा ड्राइव्हवे आठ फुटांचा होतो, मग सातचा. फेब्रुवारीत प्रोपेन गॅसचा टँकर किंवा रुग्णवाहिका आत येऊ शकत नाही. ज्यांच्याकडे बर्फ क्वचित पडून वितळतो, त्यांना प्लाऊ ठीक. जिथे नोव्हेंबरचा बर्फ मार्चपर्यंत टिकतो, तिथे बर्फ दूर फेकणारं मशीन हवं. आणि प्लाऊ वापरायचाच असेल, तर पहिल्या बर्फातच ड्राइव्हवेच्या रुंदीपेक्षा दोन-तीन फूट पलीकडे ढकलत जा, म्हणजे पुढच्यासाठी जागा उरते.

"मग कंत्राट देऊन मोकळं व्हावं." हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः वयस्कर जोडप्यांना. काही जण प्रत्येक खेपेचे पैसे घेतात, काही पूर्ण हंगामाचे. पण मोठ्या वादळात कंत्राटदाराच्या यादीत तुम्ही कितवे, हे आधी विचारा. तो पहाटे दुकानांची पार्किंग उघडेल आणि दुपारी तुमच्याकडे येईल. तेवढा वेळ घर बंद. म्हणून कंत्राट असलं तरी घरात एक आपल्याला पेलणारं मशीन असावं, असं मला वाटतं.

"मोठ्या वादळात तुमचं छोटं मशीन काय करणार?" सगळ्यात प्रामाणिक आक्षेप हाच. त्याचं उत्तर आमच्या घराने असं शोधलं: छोटं मशीन आपलं, मोठं मशीन शेजाऱ्याचं. आमच्याकडे २८ इंची दोनटप्पी ब्लोअर आहे. रोजचा सहा-आठ इंच बर्फ मी, हे किंवा मुलगा, जो घरी असेल तो काढतो. मोठ्या वादळात दर चार-पाच इंचांना एक फेरी मारतो, पूर्ण थांबायची वाट बघत नाही, म्हणजे मशीनवर ताण येत नाही. आणि त्यापलीकडे गेलं, तर शेजारच्या शेतकऱ्याशी ठरलेलं आहे. त्याचा ट्रॅक्टर शेतीसाठी आहेच. तो येतो, आम्ही त्याला हंगामाच्या सुरुवातीलाच ठरलेली रक्कम देतो, आणि उन्हाळ्यात भाजी. वर्षातल्या दोन-चार दिवसांसाठी वीस हजार डॉलरच्या वर खर्च करून स्वतःचा ट्रॅक्टर कशाला बाळगायचा?

आपल्याकडे परिग्रह-परिमाण म्हणतात ते हेच नाही का? ते व्रत सोन्या-नाण्याशी आणि जमिनीशी आपण लगेच जोडतो, शेडमधल्या वस्तूंशी जोडत नाही. वस्तू आली की तिचं तेल, तिची दुरुस्ती, तिची जागा, तिची काळजी, सगळं मागोमाग येतं. गरजेपुरतं घेणं आणि बाकीच्यासाठी शेजारधर्म जपणं, यात कमीपणा नाही. उलट त्या निमित्ताने शेजाऱ्याशी बोलणं होतं. आणि वादळात शेवटी माणूसच कामाला येतो.

धर्माचा विषय निघालाच आहे, तर आणखी दोन गोष्टी. पाण्याप्रमाणे दव, गारा, हिम हेही अप्काय जीव, असं आपण लहानपणापासून ऐकलं आहे. मग टनावारी बर्फ उडवायचा कसा, असं एका मैत्रिणीने मला विचारलं होतं. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणं, सगळ्यात ती आहे. आपल्या हातात असते ती जयणा. यत्नाचार म्हणा हवं तर. म्हणजे लागेल तेवढंच, आणि सांभाळून. चालायला आणि गाडीला लागेल तेवढा रस्ता मोकळा करायचा, पूर्ण अंगण खरवडायचं नाही. कडेच्या गवतावरच्या बर्फाखाली छोटे उंदीरवर्गीय जीव बोगदे करून हिवाळा काढतात, तिथे मशीन न्यायचं नाही. आणि उन्हाळाभर उभ्या असलेल्या मशीनच्या इंजिनाच्या झाकणाखाली उंदीर घरटं करतात. पहिल्यांदा सुरू करण्याआधी झाकण उघडून बघायचं. त्यांचाही जीव वाचतो, आपलं इंजिनही जळत नाही.

मिठाचंही तसंच. बर्फ वितळवायला इथे पोत्यांनी मीठ टाकतात. साधं मीठ साधारण उणे नऊ अंश सेल्सिअसच्या खाली फारसं कामच करत नाही, तरी लोक ओततच राहतात. ते मीठ नाहीसं होत नाही. ते ओढ्यात, तळ्यात, विहिरीत जातं. मिनेसोटा राज्याची प्रदूषण नियंत्रण संस्था लोकांना समजावते, की एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं बिघडवायला पुरतं. गावाकडे आपलं पिण्याचं पाणी आपल्याच जमिनीतल्या विहिरीचं. आपण ते गाळून पितो आणि वरून पोत्यांनी मीठ ओततो, याला अनर्थदंड नाही तर काय म्हणायचं? खडीच्या चढावर वाळू टाका. वाळू बर्फ वितळवत नाही, पण पाय आणि चाक घसरू देत नाही. पायऱ्यांवर अगदीच गरज पडली तर मूठभर मीठ, पसाभर नाही.

आणि वेळेची गोष्ट. डिसेंबरात आमच्याकडे पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. ज्या घरात चौविहार पाळतात, तिथे कामावरून येणारा माणूस ड्राइव्हवेच्या तोंडाशी अडकला, की त्याचं त्या दिवसाचं जेवण गेलंच. म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला एक फेरी मारायची सवय मी लावून घेतली आहे. उजेडात काम होतं, रात्रीच्या कडाक्यात बर्फ गोठायच्या आत रस्ता मोकळा होतो, आणि आल्याआल्या माणूस ताटावर बसतो. हे काम ज्याला घरी असताना जमतं त्याच्याच हातात मशीन हवं, हे इथेही आलंच.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. ब्लोअरचं नळकांडं ओल्या बर्फाने तुंबतं. तुंबलं की हात आत घालू नका. कधीच नाही. इंजिन बंद केलं तरी अडकलेल्या पात्यांत ताण उरलेला असतो आणि बर्फ सुटताच ती झटक्याने फिरतात. अमेरिकेत दरवर्षी हजारो माणसं अशा मशीननी जखमी होऊन इस्पितळात जातात, त्यांत बोटं गमावणारेही असतात. इंजिन बंद करायचं, पाती थांबेपर्यंत थांबायचं आणि मशीनवर लावलेल्या काठीनेच बर्फ काढायचा. ओढणी, लांब मफलर, मोकळी वेणी घेऊन मशीनजवळ जायचं नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू करायचं नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याच कारणाने घराच्या भिंतीतून बाहेर आलेला फर्नेसचा पाइप बर्फाखाली गेलेला नाही ना, हे प्रत्येक वादळात बघायचं. आणि मशीन चालू असताना लहान मुलं घरात.

मशीनइतकंच काम काही साध्या गोष्टी करतात, त्या फुकट किंवा जवळपास फुकट आहेत. जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवा, नाहीतर फूटभर बर्फात रस्ता कुठे आणि गटार कुठे हेच कळत नाही. ड्राइव्हवे उघड्या माळावर असेल तर पडलेल्या बर्फापेक्षा वाऱ्याने वाहून आलेला बर्फ जास्त त्रास देतो. त्यासाठी वाऱ्याच्या दिशेला जाळीचं कुंपण लावतात. पण ते ड्राइव्हवेला चिकटून नको. बर्फ कुंपणाच्या पलीकडे साचतो, म्हणून कुंपणाच्या उंचीच्या साधारण पस्तीस पट अंतर ठेवतात. चार फुटी कुंपण असेल तर १४० फूट.

आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी काउंटीचा प्लाऊ जो बांध घालून जातो, त्याचा राग सगळ्यांनाच येतो. आपण साफ करून घरात यावं आणि त्याने परत बांध घालावा! त्यावर जुन्या शेतकऱ्यांची युक्ती आहे. घराकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभं राहा. डाव्या हाताला, म्हणजे आपल्या बाजूच्या गाड्या जिकडून येतात तिकडे, रस्त्याच्या कडेला गाडीभर जागा आधीच मोकळी करा. प्लाऊचा बर्फ त्या खिशात पडतो, आपल्या दारात कमी येतो. आपला बर्फ मात्र रस्त्यापलीकडे किंवा रस्त्यावर ढकलू नका. ते बर्फाच्या बहुतेक राज्यांत बेकायदा आहे, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या जिवावर बेतणारं आहे.

मजेची माहिती म्हणून सांगते. बर्फ फेकणारं मशीन क्यूबेकमधल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये बनवलं. आज शंभर वर्षं झाली. या शंभर वर्षांत मशीन हलकी झाली, खटक्यावर वळू लागली. आता ताकद लागते ती कमी, माहिती लागते ती जास्त. आणि माहिती बाईला नसते, ती दिली जात नाही म्हणून नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, या हंगामात घरात मशीन असेल तर पहिला बर्फ पडायच्या आधी, एखाद्या कोरड्या शनिवारी, ते बाहेर काढायला लावा. स्वतः सुरू करा, स्वतः वळवा, स्वतः बंद करा. मुलीलाही दाखवा, सुनेलाही दाखवा. सुरू करण्याच्या पायऱ्या मराठीत कागदावर लिहून शेडच्या भिंतीला चिकटवा. आणि मशीन अजून घ्यायचं असेल, तर दुकानात हे पुढे आणि तुम्ही मागे असं जाऊ नका. दोरी तुम्ही ओढून बघा. नाही ओढली गेली, तर दुसरं मशीन दाखवायला सांगा.

जय जिनेंद्र.